गाडी वळवताना होणारी किरकिर: शोधायची कशी, काढायची कशी

गाडी सरळ जाताना गप्प असते आणि स्टेअरिंग फिरवलं की पुढून कुठूनतरी किरकिर सुरू होते. अशा वेळी बरेच जण दिसेल तिथे स्प्रे मारतात, नाहीतर कुणीतरी सांगितलं म्हणून सस्पेन्शनचे अर्धे भाग बदलून घेतात. आवाज मात्र महिन्याभरात परत हजर, कारण तो येतोय कुठून हे कुणी पाहिलेलंच नसतं. आवाज लोखंडातून लांबवर जातो. चाकाजवळच्या बॉल जॉइंटची (चाकाला वळू देणारा, आत गोळा असलेला सांधा) किरकिर स्टेअरिंगच्या दांड्यातून वर चढते आणि डॅशबोर्डच्या मागे काहीतरी घासतंय असं वाटतं. म्हणून नुसत्या कानावर विसंबून कुठलाही भाग विकत घेऊ नका. निम्म्याहून जास्त काम शोधण्याचं असतं, आणि त्याला एक मदतनीस, एक हातातली बॅटरी (टॉर्च) आणि थोडा धीर एवढंच लागतं.

आवाज कसला आहे ते आधी ठरवा

कोरडी, दरवाजाच्या बिजागरीसारखी किरकिर असेल तर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (चाकाला ओढणाऱ्या दांड्याचं टोक), रबरी बुश (सांध्यात बसवलेली रबरी नळकांडी) किंवा स्टेअरिंग कॉलमचा, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचा, रबरी बूट (रबरी आवरण) यांच्यावर संशय घ्यायचा. इंजिन चालू असताना स्टेअरिंग टोकापर्यंत नेलं की होणारी किंचाळी बेल्टची असते. घूं-घूं किंवा कण्हल्यासारखा आवाज पॉवर स्टेअरिंगच्या पंपाचा. स्टेअरिंग फिरवता फिरवता मध्येच ‘टंग’ किंवा ‘टण्’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग. चालत्या गाडीत पूर्ण वळणावर कट-कट-कट असा तालात येणारा आवाज सीव्ही जॉइंटचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकाकडे नेणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची.

हे सगळं ढोबळ आहे. एवढ्यावर निकाल द्यायचा नाही, फक्त कुठून सुरुवात करायची ते ठरवायचं. आवाज डावीकडे वळताना येतो की उजवीकडे, गाडी थंड असताना की तापल्यावर, पावसात की कोरड्यात, हेही कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर ताडून बघायला हीच नोंद लागते.

खाली वाकण्याआधी

चारही टायरांची हवा तपासा. हवा कमी असेल तर टायर वळताना कडेवर घासतो आणि चीं-चीं करतो. रंग लावलेल्या किंवा गुळगुळीत फरशीवर चांगले टायरसुद्धा वळताना किंचाळतात, तो बिघाड नव्हे. साध्या रस्त्यावर आवाज येतो का ते बघा. चाकावर प्लॅस्टिकच्या टोप्या असतील तर त्या काढून एक फेरी मारा, कारण सैल टोपी वळणावर हुबेहूब सस्पेन्शनसारखी किरकिरते. टोप्या निघाल्याच आहेत तर चाकाचे नटही पान्याने तपासून घ्या. ते ढिले असतील तर बाकीचं सगळं राहू दे, आधी ते आवळा.

मग बॉनेट उघडून पॉवर स्टेअरिंग कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. झाकणावर स्टेअरिंगचं चिन्ह असलेली तेलाची छोटी टाकी दिसली तर ते हायड्रॉलिक. टाकी नसेल तर बहुधा इलेक्ट्रिक. इलेक्ट्रिक स्टेअरिंगमध्ये पंप नसतो, पंपाचा बेल्ट नसतो, तेलही नसतं. मग त्या तिन्हींचा विचार सोडून द्यायचा.

उभ्या गाडीची चाचणी

सगळ्यात जास्त माहिती हीच चाचणी देते, आणि नवखी माणसं नेमकी हीच टाळतात. गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा, गियर न्यूट्रलमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवा. पुढची चाकं जमिनीवरच राहू द्या. गाडी जॅकवर उचलली की सांध्यांवरचा भार निघून जातो आणि बऱ्याचदा आवाजही नाहीसा होतो. मग हवेत लटकणारं चाक फिरवत बसायचं आणि म्हणायचं, ‘इथे तर सगळं ठीक आहे.’

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की टायरचं रबर जमिनीवर घासून स्वतःच कुरकुरतं. ते टाळायला प्रत्येक पुढच्या चाकाखाली जाड प्लॅस्टिकचे दोन तुकडे एकावर एक ठेवा आणि गाडी त्यावर चढवा. प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर सरकतं आणि टायर गप्प राहतो.

१. इंजिन बंद ठेवून किल्ली ‘ऑन’वर करा, म्हणजे स्टेअरिंग लॉक होणार नाही. मदतनीसाला स्टेअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायला सांगा. जड जाईल, पण अर्धा-पाऊण फेरा तरी फिरतो. एवढ्यात आवाज आला तर बेल्ट आणि पंप सुटले, कारण ते फिरतच नव्हते.

२. आता इंजिन चालू करून तेच करा, या वेळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आवाज आत्ताच आला तर बेल्ट, पुली किंवा पंप तपासा. पण घाई नको. इंजिन बंद असताना स्टेअरिंग पुरेसं फिरलंच नसेल, तर खालचा सांधाही या पायरीवर पहिल्यांदा बोलू शकतो. टोकाला पोचल्यावर पंपाकडून येणारा हलका ‘स्स्’ आवाज नेहमीचा असतो, तिथे दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो. मात्र टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, पंप तापतो.

३. इंजिन पुन्हा बंद करा आणि स्टेअरिंगला हात न लावता पुढचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी तीन-चार वेळा दाबा. आवाज आला तर दोष वळण्यात नसून वर-खाली होण्यात आहे. लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या लोखंडी हाताचे) बुश, स्टॅबिलायझर बारचे (दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश आणि त्याच्या लिंक बघा. बॉल जॉइंटही अशा वेळी किरकिरू शकतो.

उभ्या गाडीत काहीच आलं नाही आणि चालताना मात्र येतं, तर लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा.

बोटांनी शोधा

उभ्या गाडीत आवाज येतोय एवढं नक्की झालं की तो हाताने पकडायचा. इंजिन बंद, किल्ली ‘ऑन’, गाडी जमिनीवर. मदतनीसाने स्टेअरिंग सावकाश फिरवायचं आणि तुम्ही सांगितल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. चाक एका बाजूला वळवलं की चाकाच्या मागून हात घालायला जागा होते.

बोटं एकेका सांध्यावर टेकवा: चाकाच्या आतल्या अंगाला खाली बॉल जॉइंट, त्याच्या जवळपास चाकाला ओढणाऱ्या दांड्याचं टोक म्हणजे टाय रॉड एंड, वर शॉकअपभोवतीची स्प्रिंग. स्प्रिंगवर हात बाहेरून सपाट ठेवायचा, बोटं वेढ्यांच्या मध्ये कधीही घालायची नाहीत. कोरडा झालेला बॉल जॉइंट बोटांना लगेच कळतो: वाळू भरल्यासारखी खरखर लागते आणि ती आवाजाच्या त्याच क्षणी येते. शेजारच्या भागांतही थरथर जाणवते, पण ती बोथट असते. हात पोचत नसेल तिथे लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक सांध्यावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवा. रबरी नळीचा एक तुकडा कानाशी धरून दुसरं टोक फिरवत नेलं तरी फरक ऐकू येतो.

दोन सांध्यांमध्ये अजूनही घोळ होत असेल तर स्प्रे वापरा, पण शिस्तीने. एका वेळी एकच सांधा, अगदी थोडा स्प्रे, मग स्टेअरिंग दहा वेळा फिरवून बघायचं. एकदम सगळीकडे मारलात तर आवाज जाईल, पण कशामुळे गेला ते कधीच कळणार नाही. रबराच्या बुशवर फक्त सिलिकॉनचा स्प्रे मारा. खनिज तेल किंवा साधं ग्रीस साध्या रबराला फुगवतं आणि भुसभुशीत करतं. ब्रेकची डिस्क, पॅड आणि बेल्ट यांच्या आसपास कुठलाच स्प्रे नको.

बॉल जॉइंट रबरी बुटात बंद असतो, त्यामुळे बाहेरून मारलेला स्प्रे आत जात नाही. काही जण बारीक सुईने बुटाच्या आत तेल सोडतात. आवाज थांबला तर निदान पक्कं झालं, हे खरं. पण त्याला दुरुस्ती समजू नका. आतलं ग्रीस संपलेलं आहे, धातूवर गंज किंवा ओरखडे आलेले आहेत, आणि आता बुटाला भोकही पडलं आहे. ज्याला ग्रीस भरायची निप्पल आहे तो सांधा वेगळा. तिथे ग्रीस गनने बूट किंचित फुगेपर्यंत ग्रीस भरा, फाटेपर्यंत नको, आणि प्रत्येक सर्व्हिसला भरत राहा.

स्टेअरिंग कॉलमचा बूट

पायाजवळ, पेडलांच्या वर, स्टेअरिंगचा दांडा केबिनच्या भिंतीतून इंजिनच्या बाजूला जातो. तिथे धूळ-पाणी अडवणारा रबरी बूट असतो. तो वाळला की दांडा फिरताना किरकिरतो, आणि आवाज केबिनमध्ये असल्याने भलताच मोठा वाटतो. गाडी उभी असो की चालती, इंजिन चालू असो की बंद, तो सारखाच येतो. बुटाच्या ओठावर, दांडा आणि रबर जिथे टेकतात तिथे, सिलिकॉन ग्रीस बोटाने लावा आणि स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत काही वेळा फिरवा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. पेडलवर ग्रीस लागलं असेल तर पुसून टाका, नाहीतर पाय सटकेल.

आवाज स्टेअरिंग व्हीलच्या अगदी मागून, कागद घासल्यासारखा येत असेल तर तो बहुधा क्लॉक स्प्रिंगचा किंवा प्लॅस्टिकच्या कव्हरचा. कव्हर घासतंय का ते बाहेरून बघा आणि थांबा. क्लॉक स्प्रिंगमधून एअरबॅगची वायर जाते, ते काम नवख्याचं नाही.

शॉकअपचं वरचं बेअरिंग

मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग एकाच जोडणीत) असलेल्या गाडीत, म्हणजे बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत, चाक वळताना शॉकअप आणि स्प्रिंग दोन्ही फिरतात. ती सहज फिरावीत म्हणून वर, बॉडीला टेकतात तिथे, एक बेअरिंग असतं. त्यात माती-पाणी जाऊन ते अडकलं की स्प्रिंगचं वरचं टोक जागेवर राहतं आणि खालचं चाकाबरोबर फिरतं. स्प्रिंगला पीळ बसत जातो आणि एका क्षणी तो सुटतो. तोच तो ‘टंग’. स्प्रिंगवर तळहात ठेवलात तर सलग फिरण्याऐवजी ती झटका देऊन उडालेली जाणवते. दुसरी खूण चालवताना मिळते: वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, हाताने आणावं लागतं. घट्ट झालेला बॉल जॉइंटही हेच करतो, म्हणून या खुणेची जोड स्प्रिंगच्या झटक्याशी घाला.

इथे हात आवरता घ्यायला हवा. बॉनेट उघडल्यावर शॉकअपच्या डोक्यावर कडेने दोन-तीन नट दिसतात आणि मधोमध एक मोठा नट. मधला नट दबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरने नीट दाबल्याशिवाय तो सोडला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते आणि जीवही जाऊ शकतो. हात बसलेला असेल तर आख्खा स्ट्रट गाडीतून काढण्यापर्यंत घरी करता येतं. स्प्रिंग उतरवायचं काम मात्र भिंतीला बसवलेला कॉम्प्रेसर असलेल्या वर्कशॉपमध्येच करून घ्या. काही मॉडेलसाठी स्प्रिंग, शॉकअप आणि बेअरिंग जोडून तयार असलेला आख्खा संच मिळतो, तो असेल तर हा धोकाच उरत नाही. एका बाजूचं बेअरिंग गेलं असेल तर दुसरंही त्याच वयाचं असतं, दोन्ही एकदमच बदला.

बॉल जॉइंट: तपासणी आणि बदलणं

आधी रबरी बूट बघा. चिरलेला, फाटलेला किंवा भोवती ग्रीस उडालेलं असेल तर सांध्याचे दिवस भरले. मग ढिलाई तपासा. चाक उचला, गाडी स्टँडवर (गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी आधारावर) टेकवा आणि टायर घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर ती चाकाच्या बेअरिंगची. तशीच राहिली तर सांध्याची. ३ आणि ९ च्या जागी धरून हलवल्यावर ढिलाई लागली तर टाय रॉड एंड बघायचा. ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते तिथे जॅक आर्मखाली, चाकाच्या जितकं जवळ लावता येईल तितकं लावून मग तपासा, नाहीतर स्प्रिंगचा ताण ढिलाई लपवतो.

पण ध्यानात ठेवा, ढिलाई नाही म्हणजे सांधा चांगला, असं होत नाही. किरकिरणारा सांधा बऱ्याचदा कोरडा आणि घट्ट असतो, हलवून पाहिलं तर ठणठणीत वाटतो. तो बोटांनीच पकडावा लागतो.

सुटा बॉल जॉइंट मिळतो का ते मॉडेलवर अवलंबून असतं. काही गाड्यांत तो आर्मला बोल्टने लावलेला असतो, काहींत रिबेट (ठोकून पक्के केलेले लोखंडी खिळे) असतात, काहींत आर्ममध्ये दाबून बसवलेला असतो. आर्मचे बुशही चिरले असतील तर आख्खा लोअर आर्म बदलणं सोयीचं, कारण मेहनत जवळपास तेवढीच पडते. बोल्टने लावलेल्या सांध्याची कृती अशी:

१. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा फेरा ढिले करा. मग पुढच्या दोन्ही बाजू उचला आणि दोन्हीकडे स्टँड लावा. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि आर्म खाली ओढता येत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं सोडाच, हातही घालू नका.

२. चाक काढा. सगळ्या नट-बोल्टच्या आट्या तारेच्या ब्रशने घासा, गंजावर चालणारा स्प्रे मारा आणि किमान पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. हा वेळ वाचवायला गेलं की बोल्ट तुटतो.

३. सांध्याची दांडी वर नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागात) दोनपैकी एका पद्धतीने धरलेली असते. आडवा बोल्ट आवळून धरली असेल तर तो बोल्ट पूर्ण बाहेर काढा. दांडीला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेत बसतो, म्हणून नुसता ढिला करून भागत नाही. मग नकलची फट छिन्नीने किंचित उघडा आणि आर्म पहारीने खाली दाबा. दांडी निमुळती असून वर खाचांचा नट असेल तर स्प्लिट पिन काढा, नट थोड्या आट्यांवर ठेवा आणि पुलर (सांधा दाबून सोडवणारं हत्यार) लावा. पुलर नसेल तर नकलच्या डोळ्याच्या कडेवर हातोड्याचे दोन-चार जोरदार ठोके द्या, पकड सुटते. दांडीच्या आट्यांवर ठोकू नका. काटा घालून उचकटायचं हत्यार बूट फाडतं, म्हणून ते टाकून द्यायच्या सांध्यालाच वापरा.

४. आर्म सुटल्यावर नकल बाहेर खेचू नका. ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निखळतो, ब्रेकच्या होजवर ताण येतो. नकल तारेने बांधून ठेवा.

५. जुना सांधा काढा. रिबेट असतील तर डोकी ड्रिलने काढावी लागतात, त्या जागी नवीन सांध्याबरोबर आलेले बोल्ट बसतात. बसायची जागा घासून स्वच्छ करा. निमुळत्या दांडीला ग्रीस लावायचं नाही, ती कोरडीच बसते.

६. नवीन बोल्ट आणि नवीन नट वापरा आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क पान्याने आवळा. अंदाजाने आवळायची ही जागा नव्हे. खाचांच्या नटात स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळून जुळवा, मागे फिरवून कधीही नाही. पिन नवीच घाला.

७. आर्मचे बुशवाले बोल्ट सोडले असतील तर ते आता फक्त टेकवा. गाडी चाकांवर आल्यावर, सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला बसल्यावर शेवटचं आवळा. हवेत लटकलेल्या आर्मवर आवळले तर जमिनीवर आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि पुन्हा किरकिर सुरू होते.

८. चाक लावा, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

टाय रॉड एंड बदलणं याहून सोपं. जुना काढताना तो किती फेऱ्यांत सुटतो ते मोजा आणि नवा तेवढ्याच फेऱ्यांत बसवा, म्हणजे अलाइनमेंटपर्यंत गाडी सरळ चालेल. अलाइनमेंट मात्र टाळता येत नाही, नाहीतर टायर काही महिन्यांत एका कडेने झिजेल.

बेल्ट आणि तेल

थंड सकाळी किंवा पाण्यातून गेल्यावर स्टेअरिंग टोकाला नेताच किंचाळी आली तर बेल्ट बघा. इंजिन बंद करून उन्हात किंवा बॅटरीच्या उजेडात त्याच्या खाचा तपासा: चकचकीत झाल्यात का, चिरा आहेत का, तेल किंवा कूलंट लागलंय का. अलीकडच्या बेल्टला चिरा सहसा पडत नाहीत, खाचा रुंद आणि खोल होत जातात, म्हणून नुसतं वरवर बघून पास करू नका.

मग पाण्याची चाचणी. इंजिन चालू असताना, बाह्या वर, सैल कपडे-साखळ्या-केस आवरून, स्प्रेच्या बाटलीने लांबूनच बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी उडवा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे किंवा टेन्शनर (बेल्टला ताण देणारा भाग) थकलाय. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर एखादी पुली तिरकी आहे. दुसऱ्या प्रकारात नवीन बेल्ट टाकून काही उपयोग होत नाही, तोही चिवचिवतो. हाताने ताण द्यायच्या गाड्यांत सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण १० मिलिमीटर खाली जावा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. बेल्ट उतरवलाच आहे तर प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा, खरखर असेल ती बदला. आवाज बंद करायचा चिकट स्प्रे बेल्टवर मारू नका. तो धूळ धरतो आणि खरं कारण झाकतो.

कण्हण्यासारखा आवाज असेल तर आधी तेलाची पातळी. टाकीवर थंड आणि गरम अशा वेगळ्या खुणा असतात, त्याप्रमाणे बघा. तेलात फेस दिसला तर हवा शिरली आहे. तेल कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय, नुसतं भरून सोडून देऊ नका: होजचे सांधे आणि रॅकच्या (टाय रॉडना डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या भागाच्या) दोन्ही टोकांचे रबरी बूट ओले आहेत का ते बघा. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच तेल घाला. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गियरचं तेल चालतं, काहींना खास हायड्रॉलिक तेल लागतं, आणि चुकीचं तेल सील खराब करतं. हवा काढायला पुढची चाकं उचलून स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवा, मधूनमधून पातळी भरत राहा. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करून पुन्हा काही वेळा फिरवा.

फक्त चालताना येणारा आवाज

आवाज चाकाच्या फेऱ्यांच्या तालात येत असेल तर चाकाबरोबर फिरणारं काहीतरी घासतंय. वळणात असतानाच ब्रेक अगदी हलका दाबा. आवाज बदलला किंवा थांबला तर ब्रेककडे चला. डिस्कच्या मागचा पातळ पत्रा वाकून डिस्कला टेकतो किंवा दोघांच्या मध्ये खडा अडकतो, आणि वळताना डिस्क किंचित सरकली की चीं-चीं होते. चाक काढून बघा: पत्र्यावर घासलेली चकचकीत रेघ दिसेल. पत्रा हातानेच बाहेर दाबून सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. त्याच वेळी पॅडची जाडी बघा, घर्षणाचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल तर पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदला.

कट-कट आवाजासाठी मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण फिरवून सावकाश गोल फेऱ्या मारा, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. अॅक्सिलरेटर दिल्यावर आवाज वाढला तर सीव्ही जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आत सगळीकडे उडालेलं दिसतं. एकदा कटकट सुरू झाली की नवीन बूट आणि ग्रीस घालून जॉइंट वाचत नाही.

वेगात डावीकडे वळताना घरघर वाढली तर उजवं बेअरिंग संशयित, उजवीकडे वळताना वाढली तर डावं, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर येतो. फक्त पूर्ण वळणावरच घासत असेल तर मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक बघा, रुंद टायर टाकलेल्या गाडीत ते नेहमी घासतं. फोर व्हील ड्राइव्ह हाताने लावायची गाडी कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर व्हीलमध्ये वळवली तर टायर चिवचिवतात आणि गाडी अडखळते. तिथे काहीच बिघडलेलं नाही, टू व्हीलवर या.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये हाताला लागणारी ढिलाई असेल तर ती गाडी रस्त्यावर काढू नका. सांधा निखळला तर चाक आडवं पडतं किंवा स्टेअरिंगचा ताबा जातो. नुसती किरकिर असेल तर वर्कशॉपपर्यंत सावकाश नेता येते.

नवीन भाग बसवूनही आवाज राहिला तर लगेच पुढचा भाग मागवू नका. सुरुवातीला लिहिलेल्या नोंदीप्रमाणे त्याच परिस्थितीत पुन्हा ऐका. काम करताना ब्रेकचा पत्रा वाकला का, बुशचे बोल्ट हवेतच आवळले गेले का, हे दोन आधी तपासा. ते ठीक असेल तर दुसऱ्या बाजूच्या सांध्यावर बोटं ठेवा. दोन्ही लोअर आर्म एकाच आडव्या फ्रेमला जोडलेले असतात, त्यामुळे उजवीकडची किरकिर डावीकडे ऐकू येणं काही विशेष नाही.